सूर्याचे ऊन आणि सरकारची सूट



उरणकडच्या जुन्या घरांत मागच्या दारी न्हाणी असे आणि न्हाणीशेजारी पाणी तापवायची चूल. चुलीवरचा हंडा वर्षानुवर्षांच्या काजळीने काळाठिक्कर झालेला. चार पैसे बाळगून असणाऱ्यांकडे तांब्याचा बंब. त्यात करवंट्या, गोवऱ्या, काटक्या, वाटेल ते जळण चाले. घरात बाळंतीण असली किंवा म्हातारं माणूस असलं की चूल दुपारपर्यंत विझत नसे.

हे आठवण्याचं कारण असं, की गेल्या काही वर्षांत गावोगावच्या स्लॅबवर उन्हाने पाणी तापवणारे बंब दिसू लागले आणि ते बसवायला सरकारने एके काळी पैसेही दिले. तुम्ही म्हणाल, सरकारला आमच्या आंघोळीच्या पाण्याशी काय कर्तव्य? हा प्रश्न उरणच्या माणसाने विचारावा हे थोडं गमतीचंच आहे. कारण ऊन आणि जळण ह्या दोन्ही गोष्टींवर सरकारचा हात कसा पडतो, हे उरणइतकं जवळून फार थोड्या गावांनी पाहिलं असेल.

प्रथम उन्हाचं पाहू. ऊन कामाला कसं लावावं, हे इथल्या आगरी माणसाला कोणी बाहेरून येऊन शिकवलं नाही. उधाणाच्या भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, साठवणीत निवळू द्यायचं, मग एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात असं पुढे पुढे सरकवत न्यायचं. पाण्याचा थर पातळ ठेवायचा. ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात आणि राहिलेलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. समुद्राच्या शंभर भाग पाण्यात क्षार जेमतेम साडेतीन भाग असतात. ते घट्ट होत होत शेवटच्या कोंडीत पोचलं म्हणजे मिठाचे खडे धरू लागतात. सगळा हंगाम पावसाच्या आतला. एक वळवाची सर अवेळी आली तर तयार झालेलं मीठ डोळ्यांदेखत विरघळून जायचं. ह्या सगळ्या उद्योगात जळणाची एक काडी लागत नाही.

आता कर बघा. ऊन देवाचं, पाणी दर्याचं, घाम आगऱ्याचा. आणि १८३७ साली कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातल्या मिठावर मणामागे आठ आणे कर बसवला. पुढे तो चढत गेला. १८८८ साली सबंध हिंदुस्थानात तो मणाला अडीच रुपये झाला. मीठ पिकवायला लागणाऱ्या खर्चाच्या कितीतरी पट ही रक्कम होती. कर वसूल करायचा म्हणजे पहारा आला, परवाना आला, वजनकाटा आला. गांधीजी दांडीला निघाले त्या १९३० सालीही दर मणाला सव्वा रुपया होता. हा कर अखेर गेला तो १९४७ साली.

दुसरी गोष्ट जळणाची. १८७८ साली सरकारने जंगलचा कायदा केला आणि राखीव रानातून लाकूडफाटा आणणं, गुरं चारणं ह्यावर बंधनं आली. १९२७ साली तो कायदा नव्याने बांधला गेला. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला ह्या कायद्याची कलमं कळली नाहीत, पण चूल पेटवायची पंचाईत तेवढी कळली. मिठाच्या सत्याग्रहापाठोपाठ त्याच वर्षी ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी आजूबाजूच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे गेले. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले आणि तिथे हजर असलेले मामलेदारही मारले गेले. चिरनेरला आजही दरवर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना मानवंदना देतात. शिक्षकबंधूंनी मुलांना तिथे नेताना एवढं जरूर सांगावं, की स्वराज्याच्या त्या लढ्यात न्हाणीच्या चुलीचं जळणही होतं.

आणि योगायोग कसा पाहा. ज्या १८७८ साली जंगलचा कायदा झाला, त्याच साली उरणच्या समोर, खाडीपलीकडच्या मुंबईत, विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अंमलदाराने एक पुस्तक प्रसिद्ध केलं. विषय असा, की उष्ण देशांत जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल. नुसतं लिहून तो थांबला नाही. कुलाब्याला आपल्या आवारात त्याने पुष्कळ आरसे असे मांडले, की सगळ्यांचं ऊन एका बॉयलरवर पडावं. पाणी उकळलं, वाफ झाली आणि त्या वाफेवर पंप चालला! पण कोळसा मिळत राहिला आणि ॲडम्सचे आरसे मागे पडले.

अमेरिकेतही असंच घडलं. १८९१ साली क्लॅरन्स केम्प ह्या गृहस्थाने उन्हात पाणी तापवणाऱ्या पेटीचं पेटंट घेतलं. काळ्या टाक्या, भोवती लाकडी पेटी, वर काच. कॅलिफोर्नियात हे बंब भराभर खपले. पुढे त्याच मुलखात भूगर्भातला गॅस सापडला, तो स्वस्त मिळू लागला आणि उन्हाच्या बंबांचा धंदा बसला. ऊन कमी झालं नव्हतं. शेजारचं जळण स्वस्त झालं होतं.

उरणला तर हा गॅस दाराशीच आला. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल लागलं. ते तेल आणि गॅस समुद्रतळच्या नळांनी उरणला आले. प्रकल्प झाला, गॅसवर चालणारं वीजघर झालं, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. ह्या सगळ्यात शेतं आणि पुष्कळ मिठागरं गेली. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात पडले. ज्या गावाचा चरितार्थ उन्हावर चालत होता, ते देशाला गॅस पुरवणारं गाव झालं.

पण १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, भाव चौपटीवर गेले आणि दिल्लीला ऊन आठवलं! १९८१ साली अपारंपरिक ऊर्जेसाठी आयोग, १९८२ साली स्वतंत्र खातं, १९९२ साली मंत्रालय, अशी पायरीपायरीने व्यवस्था उभी राहिली. सुरुवातीला बंबाच्या किमतीत सरळ सूट होती. पुढे कर्जाचा मार्ग आला. २००५ च्या सुमारास घरगुती बंबासाठी २ टक्के व्याजाने कर्ज मिळे. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान निघालं. त्यात ठरवून दिलेल्या किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत अनुदान किंवा ५ टक्के व्याजाचं कर्ज अशी सोय झाली. २०१४ मध्ये बंबावरचं हे अनुदान बंद झालं.

मास्तरांसाठी इथे एक हिशेब देतो. फळ्यावर मांडता येईल. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ३,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेवर म्हणजे साधारण ४ युनिट. लाकडावर म्हणाल तर किलोभर वाळल्या लाकडात साधारण तेवढीच, साडेतीन हजार, उष्णता असते. म्हणजे एक किलो पुरावं? नाही. उघड्या चुलीत दहा-बारा टक्केच उष्णता हंड्याला पोचते असं धरलं, तर आठ-दहा किलो लाकूड झालं. ते डोंगरावरून कोणाच्या डोक्यावरून येतं, हे वर्गातल्या मुलींना सांगावं लागणार नाही.

मग अनुदान मिळालं कोणाला? माझं मत स्पष्ट सांगतो. ज्याच्या घरावर पक्की स्लॅब, स्लॅबवर पाण्याची टाकी, टाकीत नळाचं पाणी आणि गाठीला उरलेले पैसे, त्याला मिळालं. अशा घरी वीज वाचली, हे खोटं नाही. देशाचाही फायदा झाला. पण कौलारू घरातली, विहिरीवरून पाणी आणणारी बाई ह्या योजनेच्या बाहेरच राहिली. तिच्यासाठी सरकारची सूट आली ती २०१६ मध्ये, उज्ज्वला योजनेत, गॅसच्या जोडणीच्या रूपाने. म्हणजे पैसेवाल्याला ऊन आणि गरिबाला गॅस! आणि सिलिंडर पुन्हा भरायचा म्हणजे पैसे पुन्हा लागतातच.

इस्रायलने वेगळी वाट धरली. तिथे १९८० सालच्या कायद्याने नव्या घरांना उन्हाचा बंब सक्तीचा केला; घर बांधतानाच तो खर्चात धरला जाऊ लागला.

आता व्यवहाराचं थोडं. २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्य घर योजना आली. तिचं अनुदान, जास्तीत जास्त ७८,००० रुपये, हे छपरावर वीज तयार करणाऱ्या तावदानांसाठी आहे. पाणी तापवणाऱ्या बंबासाठी नाही. छपरावर दोन्ही वस्तू लांबून सारख्याच दिसतात, म्हणून घोटाळा होतो. बंबाला सरकारी सूट आहे असं कोणी दुकानदार म्हणाला, तर कागद दाखवायला सांगा. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरतात आणि आपल्याकडची खारी हवा लोखंड खाते, तेव्हा टाकी कशाची आहे तेही विचारा. पावसाळ्याचे चार महिने मिठागरासारखी ह्या बंबाचीही सुट्टीच समजा. चूल किंवा गॅस ठेवावाच लागेल.

राहता राहिली गावाच्या हातातली गोष्ट. पुणे महापालिकेने उन्हाचा बंब, पावसाच्या पाण्याची साठवण, गांडूळखत असं काही करणाऱ्या घराला मिळकतकरात ५ टक्के, दोन गोष्टी केल्या तर १० टक्के सूट देऊ केली. अशी काही सवलत आपल्या गावात घरपट्टीत देता येईल काय, आणि टाकी नसलेल्या घरांचं काय करायचं, हे दोन्ही प्रश्न एकाच कागदावर लिहून येत्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या हाती द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.