फाळक्यांचे चष्मे

चाळिशी लागली की माणूस चष्मा करायला जातो, आणि मराठीत त्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात. माझीही चाळिशी अशीच लागली. ऑफिसातल्या फायलीवरची बारीक टिपणी हात लांब करून वाचू लागलो, आणि एकदा कदंबची पाटी नीट न दिसल्याने भलत्याच बसमध्ये चढलो. चष्मा आला आणि विषय मिटला. पण ज्याचा विषय चष्म्याने मिटत नाही त्याचं काय, हा प्रश्न मनात राहिला. त्याचं उत्तर शोधताना दादासाहेब फाळके आठवले.

धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, पण त्यांची दृष्टी घडली ती बडोद्यात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधलं शिक्षण संपवून ते थोरल्या भावाकडे बडोद्याला गेले. तिथे सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं होतं. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे प्रमुख. हाताने काम करणाऱ्याला शास्त्रही कळलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. फाळके तिथे चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले. कलाभवनचा स्टुडिओ गज्जरांनी त्यांना वापरू दिला. काचेच्या एका भिंगातून जग कागदावर कसं उतरतं, हे बडोद्याने त्यांना शिकवलं. ते कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची शाखा आहे.

पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि आपला कृष्ण, आपला राम पडद्यावर दिसला पाहिजे या ध्यासाने ते पछाडले. रोज सिनेमे बघायचे आणि रात्री घरात मेणबत्तीच्या उजेडात, भिंगातून भिंतीवर चित्रं पाडायची. झोप जेमतेम तीन तास. व्हायचं तेच झालं. डोळे गेले.

हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी आपली हकीकत सांगितली, त्यात हा प्रसंग आहे. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने त्यांना पुन्हा दिसू लागलं.

मी अडखळलो तो या ‘तीन-चार’ शब्दांवर. एका चष्म्याने भागलं नाही. पण उपचाराला चष्म्यांची जोड मिळाली आणि त्या माणसाचं काम चालू राहिलं. भिंगाने डोळे घेतले आणि भिंगानेच परत दिले म्हणा ना! विम्याची पॉलिसी गहाण टाकून फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला पोचले, आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप महिनाभर टप्प्याटप्प्याने टिपलं आणि ते मिनिटाभरात वाढताना दाखवलं. चांगल्या डोळ्यांनाही जे दिसत नाही, ते या चष्मेवाल्याने यंत्राकडून दाखवून घेतलं. कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करीत. ते अंधारातलं, बोटांच्या भरवशावरचं काम. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

आजच्या कायद्याच्या भाषेत फाळके अल्पदृष्टी ठरले असते, असं मला म्हणायचं नाही. ज्याची नजर चष्म्याने पुरती सुधारते तो अल्पदृष्टी नव्हे. उपचार झाले, चष्मा लागला, तरी ज्याला अर्धवटच दिसतं तो अल्पदृष्टी. २०१६ च्या कायद्यात त्याचे आकडे आहेत. चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या खाली आणि ३/६० पर्यंत, किंवा नजरेचं क्षेत्र ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत. दाखला द्यायला आकडे लागतातच, कारकुनाला ते वेगळं सांगायला नको. पण मला १९९५ च्या जुन्या कायद्याची व्याख्या जास्त माणसाळलेली वाटते. योग्य साधन दिलं तर उरलेल्या नजरेवर जो काम करू शकतो, किंवा करू शकेल, तो अल्पदृष्टी, असा तिचा आशय होता. तिथे साधन व्याख्येतच होतं.

उरलेल्या नजरेकडे जगानेही बराच काळ असं पाहिलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये आणि अमेरिकेत अशा मुलांचे वेगळे वर्ग निघाले, ते ‘नजर वाचवायला’. वापरली तर संपेल ही भीती. १९६४ साली अमेरिकेत नताली बरागा यांनी दाखवून दिलं की सरावाने मुलं आहे ती नजर अधिक चांगली वापरू लागतात. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मोठ्या टायपातली अल्व्हरस्क्रॉफ्टची पुस्तकं सुरू झाली. मग कॅमेऱ्याने अक्षर मोठं करून पडद्यावर दाखवणारी यंत्रं आली. म्हणजे फाळक्यांची मेणबत्ती, भिंग आणि भिंत, हीच युक्ती! आता तर खिशातला मोबाईलही ते करतो. अगदीच दिसत नसेल तर ऑस्ट्रेलियातल्या दोघा अंध तरुणांनी घडवलेला, २००६ पासूनचा एनव्हीडीए हा मोफत प्रोग्रॅम मराठीही वाचून दाखवतो.

मात्र तो युनिकोड मराठी वाचतो. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं पत्र पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, आणि यंत्र नुसतं बरळतं. अशी पत्रं मी स्वतः वर्षानुवर्षं टाइप केली आहेत. परिपत्रक काढलं, सही झाली, जावक क्रमांक पडला, माझं काम संपलं. ते कोणाला वाचता येणार नाही हा विचारच कधी शिवला नाही.

हल्ली मी पत्र युनिकोडमध्ये करतो, टाइप दोन अंकांनी मोठा ठेवतो. कागद थोडा जास्त लागतो. फाळक्यांना एक चष्मा पुरला नाही तेव्हा दुसरा दिला गेला, तिसरा दिला गेला. कोणी तो खर्च मोजत बसलं असतं तर?