१४. अंतरिम पोटगी

१४. अंतरिम पोटगी : मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत पत्नीला दरमहा मिळणारी रक्कम. लेखिकेचा अर्ज कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) याखालचा आहे. त्याच्या कलम २३ नुसार दंडाधिकारी असा हुकूम देऊ शकतात. प्रथमदर्शनी हिंसाचार दिसला तर अर्जदार स्त्रीच्या शपथपत्रावरून एकतर्फीसुद्धा. हिंसाचार पुराव्यानिशी सिद्ध होईपर्यंत तिने उपाशी थांबावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. रक्कम ठरवताना नवऱ्याची मिळकत, तिचे स्वतःचे उत्पन्न, मुलांचा खर्च आणि सासरचे राहणीमान पाहिले जाते. वकीलबाई पगारपत्रक, बँकेचे उतारे, कर्जाचे हप्ते असे कागद का मागतात, ते यावरून कळेल. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र सक्तीचे केले. हे फार आधी व्हायला हवे होते. मिळकत दडवणाऱ्या नवऱ्यापुढे बाईच्या हाती काहीच नसे. पत्नी कमावती आहे एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, आणि ती अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही तो निकाल सांगतो. पुढच्या पानावरील थकबाकी त्या तारखेपासूनची आहे.