बरसाती: घोड्याच्या पायाचा एक चिवट रोग आणि शंभर वर्षांचा गोंधळ

ऐकायला वेळ नाही अशांसाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लेखी रूप. आजचा विषय जरा आडवळणाचा आहे: पावसाळ्यात घोड्याच्या पायाला होणाऱ्या आणि काही केल्या न बऱ्या होणाऱ्या जखमा.

रोहा-पेणकडच्या माणसाला चिखल्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. लावणीच्या दिवसांत पाय सतत पाण्यात, मग बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, चिरतात, रात्री झोप लागत नाही. घोड्याचंही तसंच. खुराच्या वर, मागच्या खोबणीत कातडी भिजून मऊ पडते, चिरते आणि जंतूंना दार उघडं मिळतं. आपण पाय वर घेऊन बसू तरी शकतो. घोडा बहुतेक वेळ उभाच, त्याच चिखलात.

म्हणूनच कोकणातला पावसाळा आणि घोडदळ यांचं कधी जमलं नाही. शिवाजी महाराजांचं 1673 सालचं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूण भागात पावसाळ्यासाठी राहिलेल्या पागेच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. त्यात काळजी आहे ती दाणा-वैरण पुरवून वापरण्याची, आगीची आणि रयतेला त्रास न होण्याची. पायाच्या रोगांचा त्यात विषय नाही. पण कोकणात घोडा पावसाळाभर जगवणं हे राज्याच्या पातळीवरचं काम होतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

घोड्यांच्या वैद्याला तेव्हा सालोत्री म्हणत. हा शब्द शालिहोत्रावरून आला, म्हणजे अश्ववैद्यकाच्या प्राचीन आचार्याच्या नावावरून. पुढे इंग्रजांच्या पलटणींमध्येही हे सालोत्री नोकरीला होते. आणि इथेच आपल्या गोष्टीतला मुख्य रोग येतो: बरसाती.

नावातच लक्षण आहे. पावसाळा आला की पायावर, डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठापाशी जखम व्हायची, फुगायची, चिघळायची. आत पिवळट, कडक खडे सापडायचे. त्यांना नाव पडलं ‘कंकर’. काही घोडे हिवाळ्यात आपोआप बरे व्हायचे आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. काहींची जखम मात्र हाडापर्यंत जायची आणि घोडा हातचा जायचा.

इंग्रज लष्करी पशुवैद्य याने हैराण झाले. कोणी म्हणे हा कर्करोग, कोणी म्हणे रक्तदोष. फ्रेडरिक स्मिथ या भारतात काम केलेल्या लष्करी पशुवैद्याने 1884 मध्ये लिहिलं की जखमेत बुरशीसारखे धागे दिसतात. उलट, युरोपात तशाच दिसणाऱ्या उन्हाळी जखमांमध्ये बारीक अळ्या सापडत होत्या. मग खरं कोण?

माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. तक्रार एकच नोंदवलेली होती, पण खाली बग दोन होते. त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडायचा नाही, आणि दोघेही एकमेकांना चूक ठरवायचे.

पहिला बग म्हणजे हॅब्रोनेमा नावाचा जंत. तो घोड्याच्या पोटात राहतो. त्याच्या अळ्या लिदीत पडतात, तिथे वाढणाऱ्या माश्यांच्या शरीरात शिरतात. माशी घोड्याच्या ओठांवर बसली तर अळी पुन्हा पोटात, चक्र पूर्ण. पण माशी उघड्या जखमेवर बसली तर अळी तिथेच अडकते, आणि जखम बरी होत नाही. माश्या कमी झाल्या की जखम सुकते. हिवाळ्याचं कोडं असं सुटलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे माशीचं चक्र उलगडलं, आणि 1980 च्या दशकात आयव्हरमेक्टिन आल्यावर हा त्रास बराच आटोक्यात आला.

दुसरा बग जास्त दगाबाज. स्मिथला दिसलेले धागे खरे होते, पण ती बुरशी नव्हती. 1974 मध्ये न्यू गिनीतल्या घोड्यांच्या नमुन्यांवरून कळलं की हा पिथियम आहे. दिसायला बुरशीसारखा, पण वेगळ्याच कुळातला, साचलेल्या कोमट पाण्यात राहणारा. त्याचे पोहणारे बीजाणू केस आणि कातडी शोधत येतात, म्हणून पाण्यात उभ्या घोड्याचे पायच आधी सापडतात. 1987 मध्ये त्याला पिथियम इन्सिडिओसम हे नाव मिळालं. बुरशीवरची बरीचशी औषधं बुरशीच्या पेशीतल्या ज्या घटकावर घाव घालतात, तो घटक याच्यात जवळजवळ नसतोच. म्हणून मलमं चोळत बसायचं आणि पाय जायचा. लवकर ओळखून सगळा खराब भाग कापून काढणं, हाच आजही मोठा आधार आहे.

साध्या चिखल्यांमागे बहुधा तिसराच असतो, डर्माटोफिलस नावाचा जिवाणू. 1915 मध्ये बेल्जियन काँगोत गुरांवर त्याचं पहिलं वर्णन झालं. तो खपलीखाली लपतो. म्हणून केस कापायचे, खपली भिजवून हलक्या हाताने काढायची, क्लोरहेक्झिडीनने धुवायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाय कोरडा करायचा. ओल्या पायावर जाड मलम थापलं तर ओल आतच कोंडते. चिखल वाळू देऊन मग झाडणारे जुने मोतद्दार उगाच तसं करत नव्हते.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं माथेरान आठवा. 1850 मध्ये ह्यू मॅलेटने ते ठिकाण इंग्रजांच्या नकाशावर आणलं. मोटारी नसलेल्या या गावात आजही कितीतरी घरांची चूल घोड्यावर पेटते. पाऊस धो धो, माती लाल आणि चिकट. घोडा पंधरा दिवस लंगडला तर पंधरा दिवसांची कमाई गेली.

म्हणून घोडा पाळणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर एवढंच: आठवड्यात न सुकणारी, वाढत जाणारी किंवा आत खडे असलेली जखम दिसली, तर तिसरं मलम आणण्याआधी पशुवैद्याला बोलवा आणि जखमेचा तुकडा तपासायला द्या. नाव एकच असलं तरी रोग एकच असेल असं नाही.

तुमच्याकडे घोड्यांच्या जुन्या देशी उपचारांच्या आठवणी असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!