एकोणतीस मिनिटं, एकोणसाठ सेकंद

आज गोष्ट कॅमेऱ्याची, पण सुरुवात आमच्या घरातून करतो.

२०१४ ची दिवाळी. आजी एकदाची बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल बोलायला तयार झाली. माझ्याकडे फोटो काढायचा डिजिटल कॅमेरा होता, व्हिडिओही घेणारा. ट्रायपॉडवर लावला, बटण दाबलं. लहानपण, लग्न, मग खडी फोडायची कामं, सुकडी, ती लाल मिलो... तासभर बोलली. मी तिच्याकडे बघत होतो, कॅमेऱ्याकडे नाही. रात्री बघतो तर रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांचं! शेवटचं वाक्य, "मग तुझे आजोबा रात्रीच निघाले, आणि..." बस्स.

बॅटरी होती, कार्डावर जागा होती. मग थांबला का?

तसे हे कॅमेरे व्हिडिओच्या बाबतीत पहिल्यापासूनच हात आखडते. सुरुवातीच्या छोट्या कॅमेऱ्यांत ३२० बाय २४० चं धूसर चित्र, तेही कित्येकदा अर्धा मिनिटच. मोटरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून अनेकांत झूमही बंद. २००८ मध्ये निकॉन डी९० आला, व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. एचडीत एका वेळी पाच मिनिटं. पाठोपाठ कॅननचा फाइव्ह डी मार्क टू. त्याचा फुल एचडी व्हिडिओ बारा मिनिटांच्या आसपास थांबायचा, कारण फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. ही झाली तांत्रिक अडचण, समजू शकतो.

पण अर्धा तास? तो आला कस्टम्समधून!

१९९६ च्या माहिती तंत्रज्ञान कराराने डिजिटल फोटो कॅमेऱ्यांवरचं आयात शुल्क काढलं. व्हिडिओ कॅमेऱ्यांवरचं मात्र राहिलं, युरोपात साधारण ४.९ टक्के. मग दोन्ही करणारं यंत्र कुठल्या रकान्यात टाकायचं? युरोपीय संघाने व्याख्या केली: किमान ८०० बाय ६०० चं चित्र, सेकंदाला २३ किंवा जास्त फ्रेम आणि सलग ३० मिनिटं रेकॉर्डिंग जमलं, तर तो व्हिडिओ कॅमेरा. कंपन्यांनी मग काय केलं? एक सेकंद आधी थांबवला. शुल्क युरोपचं, पण अनेक मॉडेल्सना मर्यादा सगळीकडे तीच. म्हणजे ब्रुसेल्समधल्या एका व्याख्येने आमच्या ओसरीवर आजीला गप्प केलं. गंमत म्हणजे मोबाइल हा कागदोपत्री फोन, त्याला ही अट लागूच नव्हती. चुलतभावाचा मोबाइल तिथेच बाजेवर पडला होता.

२०१५ च्या नैरोबी परिषदेत व्हिडिओ कॅमेऱ्यांवरचं शुल्कही टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं. आता कित्येक नवे कॅमेरे कार्ड भरेपर्यंत चालतात.

पुढच्या दिवाळीला मी आजीला परत विचारलं, आजोबा रात्री कुठे निघाले होते? म्हणाली, "सांगितलं की रे एकदा. त्या मशीनमध्ये बघ ना."