वेशीबाहेरचा प्रलय

जग बुडाल्याच्या, गोठल्याच्या किंवा माणसांवाचून ओस पडल्याच्या कथा आवडीने वाचणाऱ्याला त्यांचं कूळ विचारलं, तर तो ऑर्वेल, हक्स्ले, ब्रॅडबरी अशी नावं घेतो. ती खरीच आहेत. पण या कुळाची एक वाट जालना रोडने जाते, औरंगाबाद शहराच्या वेशीवरच्या आमच्या चिकलठाण्याच्या दारावरून. ती कुणी सांगत नाही.

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी फुटला. राख आणि गंधकाचे सूक्ष्म कण इतके उंच गेले, की १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिकं शेतात कुजली. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेली काही इंग्रज तरुण मंडळी भुतांच्या गोष्टी रचत बसली. त्या बैठकीतून मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ निघाली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच उन्हाळ्यात कवी बायरनने सूर्य विझलेल्या पृथ्वीवर एक कविता लिहिली, ती त्या मानाने कमी वाचली जाते. मला तीच या कुळाचा खरा मूळपुरुष वाटते. पुराणातला प्रलय आला तरी सोबत मत्स्य येतो, नाव येते, मनू तरतो आणि पुढलं युग सुरू होतं. बायरनच्या अंधारानंतर पुढलं युग नाही. वाचवणारा कुणी नाही आणि मरणाऱ्यांना काही शिकवणही मिळत नाही. आज आपण ज्याला प्रलयोत्तर कथा म्हणतो, तिची पहिली अट इथे पुरी झाली.

तांबोराने आपल्याकडचा १८१६चा पावसाळाही बिघडवला. पुढच्या वर्षी, १८१७ मध्ये, बंगालात पटकीची साथ उसळली. बिघडलेला पावसाळा आणि ही साथ यांचा संबंध काही अभ्यासक जोडतात, काहींना तो पटत नाही. साथ कुठून कुठे गेली हे मात्र नोंदलेलं आहे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या फौजा तेव्हा देशभर फिरत होत्या. त्यांच्याबरोबर पटकी नागपूरला आली. १८१८च्या पावसाळ्यात ती जालना, औरंगाबाद, अहमदनगर, पुणे, पनवेल करत मुंबईत पोचली. पेशवाई बुडाली तेच हे साल. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्या सालाखाली कोरेगाव, अष्टी ही नावं असतात. जालन्याहून औरंगाबादकडे सरकणारी साथ नसते.

ती साथ पुढे इराण, अरबस्तान करत युरोपाच्या उंबऱ्यापर्यंत गेली. १८२६ साली मेरी शेलीने ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातली महामारी पूर्वेकडून, कॉन्स्टँटिनोपलच्या बाजूने युरोपात शिरते, आणि इसवी सन २१०० मध्ये पृथ्वीवर एकच माणूस उरतो. इंग्रजी वाचकाला त्या पुस्तकात शेवटचा माणूस दिसतो. मला त्यात साथ जिथून निघाली त्या वाटेवरची गावं दिसत नाहीत, आणि तीच पोकळी डाचते. ‘पूर्व’ म्हणजे त्या कादंबरीत फक्त संकट येण्याची दिशा. त्या दिशेलाही माणसं राहत होती.

त्या माणसांनी काय केलं, हे आपल्या गावरहाटीत शिल्लक आहे. पटकीला इथे जरीमरी म्हणत, आणि तिची देवी मरीआई. तिचं ठाणं गावाच्या वेशीपाशी. साथ आली की मरीआईचा गाडा सजवायचा, हळदकुंकू, हिरवी चोळी, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत तो शिवेपर्यंत ओढत न्यायचा. आपल्या हद्दीतून रोग बाहेर गेला. शिवेपलीकडच्या गावाने तो गाडा पुढच्या शिवेवर न्यायचा. सगळ्यात शेवटी तो कुणाच्या हद्दीत राहिला, हा प्रश्न त्या विधीत विचारला जात नाही. आपल्या लिखित प्रलयकथांमध्येही तो फार उशिरा विचारला गेला, असं माझं म्हणणं आहे.

भारतीय भाषांतल्या विज्ञानकथेचा आरंभ बघा. १८९६ साली जगदीशचंद्र बोस यांनी बंगालीत एक कथा लिहिली, तीही ‘कुंतलीन’ केशतेलाच्या मालकांनी ठेवलेल्या बक्षिसासाठी, स्वतःचं नाव पुढे न करता. कथेत कलकत्त्यावर चक्रीवादळ येणार असं भाकीत असतं आणि ते येतच नाही. समुद्रात एका प्रवाशाने तेलाची बाटली ओतलेली असते. पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की लाटा निवतात, हा त्यामागचा शास्त्रीय धागा. म्हणजे आपली ही आरंभीची संकटकथा टळलेल्या संकटाची आहे.

मराठीतला मोठा टप्पा याला विलक्षण जुळतो. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते जयंत विष्णू नारळीकर होते. परीक्षकांनी नावाकडे पाहून निकाल देऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतली होती. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने आपली कथा कथा म्हणूनच तोलली जावी असा आग्रह धरला, याचं मोल मला आजही फार वाटतं. मराठी विज्ञानकथेला मान मिळाला त्याची सुरुवात या आग्रहात आहे.

नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी. हॉइल यांनी १९५७ मध्ये ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली होती. तिच्यात अवकाशातला एक ढग सूर्य झाकून टाकतो. शिष्याने प्रलय मराठी घरात आणला. त्यांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईकर सकाळी उठतात तो बाहेर बर्फ पडलेला. वसंत चिटणीस या भारतीय शास्त्रज्ञाने हिमयुगाचा इशारा आधीच दिलेला असतो, पण जगाने तो मनावर घेतलेला नसतो. अखेर अग्निबाणांनी वातावरणात धातूचे बारीक कण सोडून पृथ्वी पुन्हा तापवावी लागते. ‘धूमकेतू’ कथेत दत्तदा हा हौशी आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतो. आधी कौतुक होतं, मग तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं. शास्त्रज्ञ गुप्तपणे यान पाठवून त्याला वाटेवरून ढकलतात. इकडे घरी दत्तदाच्या बायकोने शांतियज्ञ मांडलेला असतो, आणि संकट टळलं ते यज्ञानेच अशी तिची खात्री असते. नारळीकर तिथे भाष्य करत बसत नाहीत. गणित करणारा नवरा आणि होम करणारी बायको एकाच घरात ठेवून कथा थांबते. अंधश्रद्धेवर लिहिलेल्या शंभर लेखांपेक्षा ते घर मला अधिक खरं वाटतं.

तरी या दोन्ही कथांत प्रलय शिवेबाहेर घालवला जातो, हे नजरेआड करता येत नाही. गाड्याऐवजी अग्निबाण आला. त्यात निराशा नाही, विज्ञानावरचा नितळ विश्वास आहे, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला तो हवाही होता. पण संकट टळलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय, ही कथा अशाने लिहून होत नाही.

ती मराठीत लिहिली गेली, पण तिच्यावर विज्ञानकथेचा शिक्का नव्हता. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची. शाळा उभी राहते, तालीम बांधली जाते, माणसं हळूहळू मास्तरांना आपलं म्हणतात, आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात. धनगर जगायला बाहेर पडतात आणि गाव ओस होतं. तो शेवट आज वाचला तर जगातल्या कुठल्याही प्रलयोत्तर कथेशेजारी तो बसतो. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा खाणीचं काम बंद पडल्यावर मढ्यांच्या राखेत सोनं शोधतो. आजच्या भाषेत सांगायचं तर व्यवस्था कोसळल्यावर जगण्याची ही कथा, फक्त व्यवस्था त्याच्यापुरती कोसळलेली असते, बाकीची मुंबई चालू असते. मला हाच धागा या कुळातला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रलय सगळ्यांवर एका दिवशी येत नाही.

चिकलठाण्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी, मधून सुखना नदी. शहराची वेस ती हीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये शेजारच्या नारेगावच्या कचरा डेपोला आसपासच्या गावकऱ्यांनी अडवलं. त्यांनी कित्येक वर्षं शहराचा कचरा सोसला होता. कित्येक महिने शहरभर ढीग साचले, मिटमिट्याला कचऱ्याच्या गाड्यांवरून दंगल पेटली. त्यानंतर प्रक्रिया केंद्रासाठी ज्या जागा ठरल्या, त्यांत चिकलठाणा होतं. २०२० मध्ये इथली मेल्ट्रॉन कंपनीची इमारत कोविड रुग्णालय झाली. त्याच वर्षी ८ मे रोजी पहाटे, इथूनच जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान, जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं होतं. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. दोनशे वर्षांपूर्वी साथ ज्या दिशेने आली होती, त्याच दिशेने ते चालत येत होते.

त्या टाळेबंदीत मी ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ पुन्हा वाचली. ती नोव्हेंबर १९०९ची, का. र. मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेच साल. कथेत माणसं जमिनीखाली एकेका खोलीत राहतात, पडद्यावर भेटतात, स्पर्श अशिष्ट मानतात आणि यंत्राची पूजा करतात. यंत्र बंद पडतं तेव्हा ते दुरुस्त कसं करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. पुष्कळांनी त्या काळात या कथेतलं भाकीत वाखाणलं. मला मात्र वाचताना एकच विचारावंसं वाटत होतं: त्या खोल्यांपर्यंत जेवण आणणाऱ्या नळ्या कुणी घातल्या, आणि ते लोक कुठे राहत होते? कथेत वर, उघड्या हवेत, हद्दपार केलेली काही माणसं जगत असल्याचा ओझरता उल्लेख आहे. आपल्याकडच्या वाचकाने तो उल्लेख धरून बसावं.

कारण त्यांची कथा लिहायला लागणारा ऐवज मराठवाड्यात तयार आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रभर मे १९७३ पर्यंत जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलाव खोदायचे, मुकादमाकडे हजेरी लावायची, मस्टरवर अंगठा द्यायचा. पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. कुणी अग्निबाण सोडला नाही. त्यातूनच रोजगार हमी आली आणि पुढे तिचा कायदा झाला. जग मोडल्यावर माणसं एकमेकांना कशी मोजतात, कुणाचं नाव मस्टरवर येतं, कुणाचं गाळलं जातं, टँकर आधी कुणाच्या दारात लागतो, हे सांगणारे म्हातारे-म्हाताऱ्या करमाड, बदनापूरच्या पट्ट्यात अजून आहेत. विज्ञानकथा लिहिणाऱ्या तरुणाने २१०० सालचा मराठवाडा रचताना आधी त्यांच्याकडे जावं. नाथसागर जलाशय कोरडा पडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात हजेरी कोण घेईल, हे त्याने ठरवलं की कथेचा मुकादम मिळाला, आणि ज्याचं नाव मस्टरवर नाही तो मिळाला की नायक.