क्लिपर्टन : बेट निर्जन, हक्क सागराएवढा

पूर्व प्रशांत महासागरात, मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून सुमारे १,१०० किलोमीटर अंतरावर क्लिपर्टन हे फ्रान्सच्या मालकीचे निर्जन प्रवाळबेट आहे. मधोमध बंदिस्त सरोवर आणि सभोवती प्रवाळाचे अरुंद कडे, अशी त्याची रचना आहे. २९ मीटर उंचीचा ज्वालामुखीजन्य खडक वगळता उर्वरित भूभाग अत्यंत सखल आहे.

फ्रान्सने १८५८ मध्ये बेटावर हक्क सांगितला; मात्र तेथे वसाहत केली नाही. १८९७ मध्ये मेक्सिकोने ताबा घेतला आणि पुढे लष्करी ठाणे उभारले. मेक्सिकोतील क्रांतीच्या धामधुमीत रसद बंद पडून बहुतेक रहिवासी मृत्युमुखी पडले. उरलेल्या स्त्रिया व मुलांची १९१७ मध्ये अमेरिकी युद्धनौकेने सुटका केली.

मालकीचा वाद इटलीचे राजे तिसरे व्हिक्टर इमॅन्युएल यांच्या लवादाकडे गेला. १९३१ मध्ये निकाल फ्रान्सच्या बाजूने लागला. संपूर्णतः निर्जन प्रदेशावर हक्क प्रस्थापित होण्यासाठी प्रत्यक्ष वसाहत अनिवार्य नाही, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

आज बेटाचा कारभार थेट फ्रेंच सरकारच्या अखत्यारीत आहे. जमीन जेमतेम काही चौरस किलोमीटर असली, तरी तिच्या आधारे फ्रान्स चार लाख चौरस किलोमीटरहून अधिक सागरी आर्थिक क्षेत्रावर हक्क सांगतो. ट्यूना मासेमारीमुळे त्याला मोल आहे. मात्र १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारानुसार, मानवी वस्ती किंवा स्वतंत्र आर्थिक जीवन शक्य नसलेल्या खडकांना असे क्षेत्र मिळत नाही. त्यामुळे क्लिपर्टन हे कायद्याच्या दृष्टीने ‘बेट’ की ‘खडक’, यावर या विस्तीर्ण सागराचा हक्क अवलंबून आहे.