लॉज, वसतिगृह, मंगल कार्यालयातला मोठा गिझर : टपकणारा व्हॉल्व्ह बंद करू नका, दर महिन्याला एवढं तपासाच

लग्नसराई आली की मंगल कार्यालयाचा गिझर पहाटेपासून तापायला लागतो. वसतिगृहात तर रोज शे-दीडशे मुलांच्या आंघोळी त्याच्यावरच होतात. यंत्र चालू असतं तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग एक दिवस गिझरखाली पाणी टपकताना दिसतं. "पाणी वाया चाललंय" म्हणत कुणीतरी त्या नळीला बूच मारतो आणि नेमका धोका तिथूनच सुरू होतो. घरातल्या छोट्या गिझरलाही खालच्या बहुतेक गोष्टी लागू आहेत.

ते पाणी का टपकतं?

पाणी तापलं की फुगतं. २०० लिटरच्या टाकीतलं पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवलं, तर ते जवळपास अडीच ते तीन लिटरने वाढतं. बंद टाकीत या वाढलेल्या पाण्याला जागा नसते, त्यामुळे दाब चढतो. हा जादा दाब सेफ्टी व्हॉल्व्ह बाहेर सोडतो. गिझर तापत असताना थोडे थेंब पडणं म्हणजे व्हॉल्व्ह काम करतोय.

आता हा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट बिघडला, तर पाणी तापतच राहतं. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या पुढेही जातं. टाकी फुटली की त्या पाण्यातला काही भाग क्षणात वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. भिंत पाडण्याइतका जोर त्यात असतो.

म्हणून व्हॉल्व्हच्या नळीला बूच, नळ किंवा गाठ मारलेला पाइप कधीच लावू नका. नळीचं तोंड खाली जमिनीकडे, मोकळं आणि माणसाच्या अंगावर पाणी उडणार नाही असं ठेवा. छतावरच्या मोठ्या किंवा सोलर टाकीला हवेची उभी नळी असेल, तर तीही बंद करायची नाही.

गिझर बंद असतानाही धार लागली असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, व्हॉल्व्ह खराब झालाय किंवा पंपाचा दाब जास्त आहे. वरच्या टाकीच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब येतो. प्रेशर पंप बसवला की तो आणखी वाढतो. गिझरच्या पाटीवर किती बार लिहिलंय ते बघा आणि प्लंबरकडून दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

दर महिन्याला : पंधरा मिनिटांचं काम

१. सेफ्टी व्हॉल्व्हला छोटा दांडा असतो. तो दोन-तीन सेकंद उचला. पाणी जोरात आलं पाहिजे आणि दांडा सोडल्यावर थांबलं पाहिजे. पाणी गरम असतं, हात लांब ठेवा. दांडा हललाच नाही किंवा पाणी थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला.

२. बोर्डावरच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. गिझरसाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा.

३. प्लग, सॉकेट, वायर बघा. काळा डाग, जळका वास किंवा गरम झालेला प्लग दिसला तर वापर तिथेच थांबवा. ३ किलोवॅटचा गिझर सुमारे १३ अँपिअर ओढतो, ६ किलोवॅटचा २६. मोठ्या गिझरला प्लग नको; स्वतंत्र एमसीबी आणि जाड तांब्याची वायर हवी.

४. टाकीखाली गंज, ओल, पाझर आहे का ते बघा. टाकीच पाझरत असेल तर एम-सील लावून चालवू नका.

अर्थिंग : टेस्ट बटणावर विसंबू नका

टेस्ट बटण फक्त आरसीसीबी चालतो का ते सांगतं, अर्थिंग आहे का ते नाही. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, तेव्हा त्यात नियमित पाणी टाका. वर्षातून एकदा परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. अर्थची वायर पाण्याच्या पाइपला बांधून भागवू नका. मध्ये कुठे प्लास्टिकचा पाइप असेल तर ती अर्थिंग शून्य. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, झिणझिण झाली, तर "थोडा करंट येतोच" म्हणून सोडायचं नाही. मेन बंद करा.

बोअरच्या पाण्याचा क्षार

बोअरचं पाणी जड असलं की कॉइलवर पांढरा थर चढतो. मग पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं, आतून कडकड आवाज येतो आणि शेवटी कॉइल जळते. अशा पाण्यावर सहा महिन्यांतून एकदा टाकी धुऊन क्षार काढून घ्या. आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. वर्षातून एकदा तो बघायला सांगा आणि झिजला असेल तर बदला. उघडण्याआधी एमसीबी बंद करा आणि पाणी थंड होऊ द्या.

वरची टाकी रिकामी झाली होती किंवा नळकाम केलं असेल, तर गिझर लगेच लावू नका. गरम पाण्याचा नळ सोडा, हवा निघून अखंड धार आली की मगच खटका टाका. कोरडी कॉइल काही वेळातच जळते.

तापमान किती ठेवायचं?

टाकीत ६० अंश ठेवा. कोमट साठलेल्या पाण्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे जंतू वाढतात. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तिथे नळाआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. वसतिगृह सुट्टीनंतर उघडताना गिझर पूर्ण तापवा आणि सगळ्या नळांतून गरम पाणी काही मिनिटं वाहू द्या.

गॅस गिझर असेल तर

गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही त्याची खूण. ज्योत निळी हवी. पिवळी झाली तर मेकॅनिक बोलवा. धंद्याच्या जागी घरगुती सिलिंडर चालत नाही.

वेळ आलीच तर

शॉक लागलेल्या माणसाला हात लावू नका, आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. भाजल्यावर २० मिनिटं थंड वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई नको. गॅसने गुदमरलेल्याला मोकळ्या हवेत आणा. रुग्णवाहिका १०८, गॅस गळती १९०६.

गिझरजवळ एक वही टांगा. कोणत्या तारखेला काय तपासलं, कोणी तपासलं, एवढं लिहा. तपासणीचं काम एकाच माणसाच्या नावावर ठेवा, कारण सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. ही माहिती गावातल्या शाळा, वसतिगृह, कार्यालयाच्या ग्रुपवर पाठवा.